कड्डायाची मात

जगात माणसं बुद्धिबळ जिंकायला खेळतात. आमच्या घरात मी हरायला शिकले, आणि तेही कसंतरी नाही, नेटकेपणानं हरायला. आता सत्तरीला टेकल्यावर कोणी विचारतं, तुमच्या तरुणपणी मैसूर कसं होतं हो, तेव्हा त्यांना राजवाडा, हत्ती, चंदनाचा वास असलं काहीतरी ऐकायचं असतं. ते मला फारसं आठवत नाही. मला आठवते ती आमची पुढची खोली, तिच्यातला लाकडी पट, आणि एका दसऱ्यात त्या पटापायी माझी झालेली घालमेल. ती भीतीची कमी आणि आनंदाची जास्त होती असं सांगितलं तर कोणाला पटत नाही, म्हणून हे सगळं नीट लिहून ठेवते आहे.

आमचं घराणं रंगाऱ्यांचं. कापड रंगवायचं आणि त्यावर ठसे उमटवायचे, हे आजोबांपर्यंत चाललं. पुढच्या पिढीत रंगाचे हौद बुजले, माझे वडील अप्पा साड्यांची गाठोडी घेऊन गावोगाव फिरू लागले, आणि सागवानी ठशांपैकी आंब्याच्या कोयरीचा एक तेवढा मागे राहिला, दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून खाली सारायला. घरात बोली मराठी, पण तिच्यात कानडी इतकी मुरलेली की कुठला शब्द कुठून आला ते आम्हालाही सांगता येत नसे. अप्पांच्या थोरल्या भावाला आम्ही दोड्डप्पा म्हणायचो, कानडी पद्धतीनं. कॉफीला कापी. सध्या माझ्या वरच्या मजल्यावर पुण्याचं एक जोडपं राहतं, नवरा कडकोळच्या कारखान्यात जातो. ती मुलगी परवा म्हणाली, "काकू, तुमचं मराठी ऐकायला छान वाटतं, पण निम्मं कळत नाही." मी म्हटलं, निम्मं म्हणजे पुष्कळ झालं, दोड्डप्पांचं बोलणं आम्हाला पाव कळायचं.

दोड्डप्पांनी लग्न केलं नव्हतं. ते एका छापखान्यात प्रुफं तपासत. दुसऱ्याचा चुकलेला काना त्यांना मैलावरून दिसे, आणि स्वतःचा चष्मा मात्र ते रोज सकाळी डोक्यावर ठेवून घरभर शोधत. संध्याकाळी आले की हातपाय धुवून, कापीचा लोटा घेऊन पटासमोर बसत. ते डाव खेळत नसत, कोडी रचत. पटावर मोजक्या सोंगट्या. एक उचलायची, बघत बसायचं, टक् करून ठेवायची. आत आईच्या हुळीला, आंबट आमटीला, फोडणी पडायची, मोहरी तडतडायची, बाहेर चाफ्याच्या झाडाखाली पोरं ओरडायची, आणि या सगळ्यात ती टक् मला झोपेतसुद्धा ओळखू यायची. वजीर ते जवळजवळ कधीच घेत नसत. "वजीर घेऊन कोडं करायचं म्हंजे पाव्हण्यापुढं विकतचे लाडू ठेवायचे," म्हणत.

मला त्यांनी जे शिकवलं त्याला बाहेरचं जग रिफ्लेक्समेट म्हणतं. आम्ही त्याला कड्डायाची मात म्हणायचो. कड्डाय म्हणजे कानडीत सक्ती. त्यांनी ते जेवताना शिकवलं. आईनं चिंचगुळातलं कारल्याचं गोज्जू केलं होतं आणि मी ते ताटाच्या कडेला लोटत होते.

"इंदू, नोडु, बघ," दोड्डप्पा म्हणाले, "आपल्या घरात काय कायदा हाय?"

"ताटात पडलं की खायचं."

"आयतु, बरोबर. आता समज, तू पांढरी, मी काळा. मात म्हंजे हे गोज्जू. ज्याच्या ताटात पडलं त्यानं खायलाच पाहिजे, कड्डाय. तुला काय करायचंय, माझ्या ताटात पाडायचंय. मी तुझ्या राजावर मात करावी असं तू मला भाग पाडायचं. मला करायची नसली तरी."

"म्हणजे मीच हरायचं?"

"तूच हरायचं. पण एक ध्यानात ठेव. कायदा दोघांना सारखाच. मधेच कुठं तुझ्या ताटात पडलं, म्हंजे तुला माझ्या राजावर मात करता येत असली, तर तुलाबी खायला पाहिजे. मग तू जिंकली आणि तुझं कोडं गेलं खड्ड्यात."

मी इतकी हसले की आईनं बाहेर येऊन पाहिलं. जिंकलं म्हणून वाट लागली, असा खेळ मी कधी ऐकला नव्हता. त्या दिवशी मी गोज्जू संपवलं.

त्यावर आणखी एक अट होती, आणि तिच्यासाठी दोड्डप्पा जीव टाकत. शेवटची मात नितळ हवी. हरलेल्या राजाच्या भोवतालचं प्रत्येक घर एकाच कारणानं बंद असावं. एकच घर दोन सोंगट्यांनी रोखलं की मात गढूळ झाली. शिवाय मात करणाऱ्याचा एकही घोडा, उंट, हत्ती उगाच बघत उभा नको, प्रत्येकाला काम हवं. राजाला आणि प्याद्यांना तेवढी सूट. मला हे चटकन कळलं, कारण आजोबांच्या हातची एक जुनी चादर घरात होती आणि तिच्यावर एका जागी ठशावर ठसा चढला होता. तिथला रंग काळवंडला होता. नजर सगळी चादर सोडून तिथंच जाई.

मैसूरमध्ये असली कोडी रचणारे सगळे मिळून अर्धा डझनही नव्हते. ते रविवारी एका कापीपुडीच्या, कापीच्या पावडरीच्या, दुकानावरच्या खोलीत जमत. खाली बिया भाजल्या जात आणि वर आमच्या कपड्यांना, केसांना, सोंगट्यांनाही तो वास लागे. मंडळाचे कर्तेधर्ते एक निवृत्त गणिताचे मास्तर होते, त्यांना सगळे मेष्ट्रू म्हणत. ते कानडीतच बोलत. त्यांचं बोलणं मी इथं मराठीत लिहिते आहे. दुसरे मला पक्के आठवतात ते शिवण्णा, दर रविवारी टी. नरसीपूरहून बसनं येणारे, सोबत पेरूंची पिशवी आणि जिभेवर तिखट. मी त्या खोलीतली एकुलती एक मुलगी होते, कॉलेजच्या पहिल्या वर्षाची, आणि सुरुवातीला सगळे मला सुम्ने, म्हणजे उगाच, काकांची पिशवी धरायला आलेली समजत.

त्या दसऱ्याला मेष्ट्रूंनी स्पर्धा ठेवली. विषय, कड्डायाची मात, शेवट नितळ. पहिलं येणारं कोडं ते परदेशातल्या एका मासिकाला पाठवणार होते. दोड्डप्पांनी हे ऐकलं आणि त्यांचे कान लाल झाले. इतकी वर्षं ते कोडी रचत होते, पण मैसूरच्या वेशीबाहेर त्यांचं एकही गेलं नव्हतं. मी पण एक रचलं होतं. मोठ्या तोऱ्यात मेष्ट्रूंना दाखवायला नेलं, तर त्यांनी ते पाहिलं न पाहिलं आणि म्हणाले, "बाळ, यात पांढऱ्याला पहिल्याच चालीला मात येते." काखेत कळसा म्हणतात तसलं. मी रडले नाही, पण पेरूही खाल्ला नाही.

बेंगळुरूहून येणारे परीक्षक ऐनवेळी आजारी पडले, आणि मग कोण, अशी पंचाईत झाली. सगळ्यांनी कोडी दिलेली. कोडं न दिलेली मी एकटी. मेष्ट्रू म्हणाले, इंदू बघेल. शिवण्णा पेरू चावता चावता म्हणाले, "वा. कोर्ट घरात, वकील घरात."

"कोडी मी माझ्या हातानं उतरवून देणार, नाव कोणाचंच नसणार," मेष्ट्रू म्हणाले. "आणि नेहमीचा रिवाज आहेच. जे कोडं फुटेल ते परीक्षकानं मोठ्या पटावर सगळ्यांसमोर फोडून दाखवायचं, पण ते कोणाचं होतं हे कोणी विचारायचं नाही, मीही सांगायचं नाही."

तो रिवाज फार चांगला होता. माणसाला मान खाली न घालता चुकता येई.

मग नवरात्र सुरू झालं आणि आमच्या घरात गंमतच झाली. पट घरात एकच. दोड्डप्पांनी तो मला देऊन टाकला आणि निकालापर्यंत पुढच्या खोलीत पाऊल ठेवणार नाही असं जाहीर केलं. आम्ही दोघं बुद्धिबळाचा ब काढायचा नाही असंही ठरलं. बुद्धिबळ सोडून एकमेकांशी बोलायला आमच्याकडे काहीच नव्हतं हे तेव्हा कळलं. जेवताना ते म्हणत, "पाऊस थांबला, अल्वा?" मी म्हणे, "थांबला." की झालं. ते स्वयंपाकघरात आईच्या मागं घुटमळत, खोबरं खवून देत, आणि पुढच्या खोलीतून टक् ऐकू आली की त्यांचा हात थांबे. आई म्हणे, "भावजी, नारळाला काय विचारताय, खवा."

कोडी मी मजेत बघत होते. खरं सांगायचं तर मी हवेत होते. वयानं दुप्पट-तिप्पट माणसांची डोकी माझ्यासमोर उघडी पडली होती आणि मी म्हणेन ती पूर्व दिशा होती. आणि मग एक कोडं आलं की ते मांडून झाल्यावर मी उठून खोलीत दोन फेऱ्या मारल्या. पांढऱ्याची पहिली चाल अगदी साधी, एक धमकी ठेवणारी. काळा ती तीन तऱ्हांनी मोडू बघतो. प्रत्येक वेळी पांढरा एक चाल करून त्याच्या ताटात मात वाढतो, आणि तिन्ही माता वेगळ्या, तिन्ही नितळ. पांढरा राजा पटाच्या मधोमध, भोवतीचं एकेक घर मी बोटानं मोजलं, कुठंही ठशावर ठसा नाही. अंगावर काटा आला. पटावर पांढरा वजीर नव्हता. नाव नसलं म्हणून काय झालं, हातच्या काकणाला आरसा लागत नाही. ओळखलं नाही असं मनाशी धरून मी त्याच्यापुढे पहिला नंबर घातला आणि रात्री गाढ झोपले.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी ज्याचं जे हत्यार ते पूजेला. अप्पांची कात्री आणि गज, दोड्डप्पांचं लाल शाईचं पेन, दाराखालचा कोयरीचा ठसासुद्धा धुऊनपुसून वर येई. आईनं नवरात्रात मधल्या खोलीत बाहुल्यांच्या पायऱ्या मांडल्या होत्या. लाकडी राजाराणी सगळ्यात वर, खाली वाणी-वाणीण, हत्ती, वादक. त्या दिवशी पटही तिथं गेला, सोंगट्यांना कुंकवाची बोटं लागली. पूजेला लावलेल्या वस्तूला विजयादशमीपर्यंत हात लावायचा नाही. आरती झाली, आई हरभऱ्याची गुग्गरी वाटायला लागली, आणि मी भिंतीला टेकून कालचं कोडं नुसतं डोक्यात फिरवत बसले, गोड खाऊ चघळावा तसं. पट समोर असता तर मी पुन्हा पांढऱ्या राजाकडेच बघितलं असतं, कारण सगळी शोभा तिथंच होती. हाताला काम नव्हतं म्हणून मन भटकलं. तिसऱ्या तऱ्हेत काळ्याचं एक प्यादं एक घर पुढं सरकतं. सरकतं म्हणजे त्याची आधीची जागा रिकामी होते. म्हणजे ती आडवी ओळ मोकळी होते. आणि त्या ओळीच्या उजव्या अंगाला पांढरा हत्ती उभा आहे.

काळा राजा डाव्या काठाला. हत्ती सरळ धावत काठापर्यंत जातो. शह. राजाला पळायला जागा नाही. मात.

गुग्गरीची वाटी माझ्या हातात तशीच राहिली. पांढऱ्याच्या ताटात गोज्जू पडलं होतं. येते तर करायलाच हवी, मग पांढरा जिंकला, आणि ते सुंदर कोडं खलास. आधी मला जो आनंद झाला त्याची आजही लाज वाटत नाही. पटाला हात न लावता, अनुभवी माणसांच्या नजरेतून सुटलेलं मला दिसलं होतं. मग मान वळवली तर समोर दोड्डप्पा, बाहुल्यांच्या पायऱ्यांकडे बघत, त्या कुंकू लावलेल्या पटाकडे बघत, लहान मुलासारखे खुशीत बसलेले. तेव्हा मी वाटी खाली ठेवली.

विजयादशमीला पट खाली आला तसा मी पडताळा घेतला. मी चुकले असेन अशी फार आशा होती. चुकले नव्हते. संध्याकाळी सगळे मशालींची कवायत बघायला बन्नीमंटपला गेलो. गर्दीत दोड्डप्पांनी माझा हात धरला होता आणि प्रत्येक नव्या रांगेला ते दाबत होते. मी मनात म्हणत होते, मला दिसलं, दुसऱ्या कोणाला दिसलंय? न दिसल्यासारखं केलं तर कोणाचं काय बिघडतं? मासिकाच्या लोकांना दिसेलच कशावरून? दोड्डप्पांचं नाव एकदा तरी छापून येऊ दे.

घरी आल्यावर आईनं विचारलं, "जेवत का नाहीस गं?"

"एकाचं भरलेलं ताट ओढून घ्यायचं आहे."

आईनं माझ्याकडे पाहिलं, मग दोड्डप्पा हातपाय धूत होते तिकडे पाहिलं. बुद्धिबळातलं तिला घोडा तिरपा जातो की सरळ हेही माहीत नव्हतं. "वाढणाऱ्यानं पान बघावं," ती म्हणाली, "तोंड बघत बसू नये." आणि तिनं माझ्या पानात भात वाढला.

रविवारी कापीच्या वासात सगळे बसले. मी बाकीच्या कोड्यांबद्दल जे बोलायचं ते बोलले, माझा आवाज मलाच मोठा वाटत होता. शेवटी ते कोडं मोठ्या पटावर मांडलं. पहिली चाल दाखवली, तिन्हींतली पहिली मात दाखवली, दुसरी दाखवली. शिवण्णांनी पेरू खाली ठेवला. कोणीतरी हळूच म्हणालं, भले. दोड्डप्पा मागच्या बाकावर, चष्मा डोक्यावर. मी तिसऱ्या तऱ्हेतलं काळं प्यादं एक घर पुढं सरकवलं आणि म्हणाले, "आता पांढऱ्याची चाल." पुढचं वाक्य पाठ करून आले होते. ते येईना. हत्तीकडे हात जाईना. सगळ्यांना वाटलं मी त्यांना विचार करायला वेळ देते आहे, आणि सगळे त्या पांढऱ्या राजाकडेच बघत राहिले, जसं इतके दिवस मीही बघत होते.

मागच्या बाकाचा आवाज झाला. दोड्डप्पा उठले होते. चष्मा डोळ्यावर घेत ते पुढं आले, माझ्या शेजारी उभे राहिले, आणि त्यांची नजर डावीकडून उजवीकडे त्या मोकळ्या ओळीवरून प्रुफाच्या ओळीवरून फिरावी तशी फिरली. मग त्यांनी पांढरा हत्ती उचलला आणि काठापर्यंत नेऊन ठेवला. टक्.

"ताटात पडलंय," ते म्हणाले. "खायला पाहिजे."

रिवाजाप्रमाणं त्यांनी बसून राहायला हवं होतं, कोणाला कळलं नसतं. ते सभेकडे वळले आणि कानडीत म्हणाले, "माझं आहे. परीक्षकानं बरोबर फोडलं." पहिला नंबर शिवण्णांना गेला, त्यांचं कोडं खरंच चांगलं होतं. खाली उतरताना शिवण्णांनी पेरूंची सगळी पिशवी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "कोर्टाला."

घरी येताना दोड्डप्पा पुढं आणि मी मागं. इतक्या भराभर ते कधी चालत नसत. मला वाटलं, आता हे माझ्याशी बोलणारच नाहीत. वहाणा काढल्या न काढल्या तोच ते पुढच्या खोलीत शिरले, नवरात्र लागल्यापासून पहिल्यांदा, आणि वळून म्हणाले, "आता बोलायला परवानगी हाय का, जज्जम्मा? ये लौकर. हत्ती कसा अडवायचा ते बघू."

मी रडत होते आणि हसत होते आणि सोंगट्या मांडत होते. हत्तीच्या वाटेत त्यांनी एक काळं प्यादं उभं केलं. त्यानं हत्ती अडला, पण पांढऱ्या राजाशेजारचं एक घर त्या प्याद्यानंही रोखलं. "ठशावर ठसा," मी म्हणाले. प्यादं दुसरीकडे नेलं, तर धमकीच बसेना. घोडा हलवून पाहिला. आई दोनदा डोकावून गेली. दुपारचं ऊन पटावर आलं, आणि मी बघत असताना माझी नजर उजवीकडच्या शेवटच्या उभ्या ओळीवर गेली. तिथं एकही सोंगटी नव्हती.

"पदराला अर्धी कोयरी यायला लागली तर आजोबा काय करायचे?" मी विचारलं.

"काय करायचे? सुरुवातच एक ठसा सरकवून." आणि ते बोलता बोलता थांबले.

आम्ही दोघांनी चार हातांनी सगळं कोडं एक घर उजवीकडे सरकवलं. राजे, हत्ती, उंट, घोडे, प्यादी, सगळी. आता काळा राजा काठाला नव्हता. हत्ती धावत आला तर शह होता, पण राजाला डावीकडे पळायला एक अख्खी ओळ होती.

"थांब," दोड्डप्पा म्हणाले. "मी बघणार नाही. मला माझं दिसत नाही, ते आज कळलं. तू तपास." आणि ते लोटा घेऊन खोलीबाहेर, बरोबर उंबऱ्यापलीकडे जाऊन बसले.

आज माझा नातू संगणकाला विचारतो आणि चहा गार व्हायच्या आत उत्तर येतं. तेव्हा संगणक मीच होते. काळा राजा नव्या मोकळ्या घरात गेला तर? धमकी तशीच चालते. प्यादं सरकलं तर? हत्ती नुसता शह देतो. पहिल्या तऱ्हेत पांढऱ्याला कुठं मात येते का, दुसरीत येते का, उंटानं, घोड्यानं? पांढऱ्या राजाभोवतीची घरं पुन्हा एकेक बोटानं मोजली, तिन्ही वेळा. उंबऱ्यापलीकडे लोटा वाजायचा, खोकला यायचा, पण त्यांनी एकदाही विचारलं नाही. मी मान वर केली तेव्हा ऊन भिंतीवर चढलं होतं.

"पांढऱ्याला मात येत नाही," मी म्हणाले. "कुठंच येत नाही."

दोड्डप्पा उठून आत आले. खाली बसले नाहीत. पटाकडे उभ्यानंच बघत राहिले, मग वाकून त्यांनी एका बोटानं पांढऱ्या राजाला हलकेच आडवं केलं आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून आईला हाक मारली.

"सुमित्रा, हरलो. कापी ठेव, आम्ही हरलो."